गळ्याचं माप

मी शिवणकाम करते. दारव्हा-दिग्रस रस्त्याला लागून आमचं गाव, ओसरीतच मशीन, आणि दिवसातून वीसदा तरी माझ्या तोंडी एकच वाक्य असतं, "हात वर करा." टेप पाठीमागून फिरवून छातीचा घेर घ्यायचा तर हात वर लागतातच. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर मी हेच मायला म्हटलं. तिनं हात वर केले. तेवढ्यात एक बाई फॉल-पिकोची साडी न्यायला आली, तिच्याशी पैशांवरून थोडी हुज्जत झाली, आणि मायचे हात तसेच वर राहिले. कोणी "खाली कर" म्हटल्याशिवाय ती करणार नाही, स्वभावच तसा. मी वळून पाहते तर चेहरा जांभळट लाल, गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या शिरा सुतळीसारख्या टरारलेल्या, डोळ्यांत पाणी, आणि श्वास आत घेताना घशातून घर्रर्र आवाज. मी हात धरून खाली आणले. थोड्या वेळात चेहरा होता तसा झाला.

"काय झालं वो माय?"

"काई नाई. दम लागते न मले. वय झालं."

गळ्याची गाठ तिला चौदा वर्षांपासून होती. गलगंड म्हणा, गोयटर म्हणा, आमच्याकडे नुसतं "गळ्याची गाठ" म्हणतात. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी वाढते, तीच ही. दरवर्षी रक्त तपासायचो, टीएसएच (थायरॉईडचं काम नीट चाललंय का ते सांगणारा आकडा) नॉर्मल यायचा, की आम्ही मोकळे. मी आज लिहायला बसले ती एवढ्याचसाठी, की टीएसएच नॉर्मल असला तरी गाठ आतल्या नळ्या दाबू शकते. रक्ताचा रिपोर्ट ग्रंथी रस किती बनवते ते सांगतो. ग्रंथीनं जागा किती खाल्ली ते त्यात लिहिलेलं नसतं. कापडाचा रंग पक्का आहे की नाही ते धुऊन कळतं, पण ब्लाऊज अंगाला बसतो की नाही ते धुऊन कसं कळणार?

घरी पाहायचं कसं

माणसाला खिडकीसमोर उजेडात खुर्चीवर बसवा. पोत, माळ, गळ्यातला दोरा जे असेल ते काढा. हनुवटी जराशी वर. पाण्याचा घोट तोंडात धरायला लावा आणि मग गिळायला सांगा. तुम्ही समोरून पाहा, मग बाजूनं पाहा. थायरॉईडची गाठ गिळताना वर सरकते आणि परत खाली येते, कारण ही ग्रंथी श्वासनळीला बांधलेली असते, आणि गिळताना नळी वर उचलली जाते. चरबीची गाठ किंवा अवधाणाची गाठ सहसा अशी हलत नाही. शाळेच्या गॅदरिंगला मी मुलांना गळ्यातले बो शिवून देते. मधे गाठ, दोन्हीकडे दोन पाकळ्या. ग्रंथी अगदी तशीच असते, कंठमण्याच्या खाली, नळीच्या पुढ्यात.

मोठी म्हणजे किती मोठी? तपासायला येणारे डॉक्टर पूर्वी एक सोपं माप वापरायचे. एकेक पाकळी त्याच माणसाच्या अंगठ्याच्या वरच्या पेरापेक्षा मोठी लागली, की गलगंड. माप त्याच माणसाच्या अंगठ्याचं, तुमच्या नाही. शिवणाऱ्या बाईला हे चटकन पटतं, कारण वीतभर म्हटलं की कोणाची वीत, हे आम्ही आधी विचारतो.

आता टेपचं. ब्लाऊजला गळ्याचा घेर लागत नाही, खोली लागते. घेर लागतो शर्टाच्या कॉलरला. तसाच घ्यायचा: मान सरळ, नजर समोर, गाठ सगळ्यात पुढे आलेली असेल तिथून टेप फिरवायची, आवळायची नाही, तारखेसकट वहीत लिहायचं. महिन्यातून एकदा पुरे. मायचं माप माझ्या वहीत दोन वर्षं साडेचौदा इंचच होतं, आणि मी त्या साडेचौदावर निर्धास्त होते. चुकलं माझं. गाठ वाढतच होती, पण खाली, छातीच्या हाडामागे. तिथं टेप पोचत नाही.

म्हणून टेपसोबत बोटंही लावा. दोन कॉलरबोनच्या मधे जो खळगा असतो, त्याच्या लगेच वर दोन बोटं हलकी ठेवा आणि पुन्हा घोट गिळायला सांगा. गाठ वर गेली की तिची खालची कड बोटांना लागते का, आणि कडेखाली मऊ मोकळी जागा लागते का? लागली तर गाठ गळ्यातच आहे. गिळतानाही खालची कड हाती येतच नसेल, तर ती खाली उतरली असेल असं समजून दवाखान्यात दाखवायचं.

आणि मग हात वर. दोन्ही हात डोक्याच्या वर, दंड कानांना टेकलेले, एक मिनिट. चेहरा लाल-जांभळा होणं, गळ्याच्या शिरा फुगणं, श्वासाला घरघर लागणं, यातलं काहीही झालं तर हात लगेच खाली, मिनिट पुरं करायचं नाही. मेडिकल कॉलेजमधल्या शिकाऊ डॉक्टर मॅडमनी मला सांगितलं की ही खूण पेम्बर्टन नावाच्या डॉक्टरांनी १९४६ साली लिहून ठेवली, अजून त्यांच्याच नावानं ओळखतात. मी म्हटलं, आमच्या ओसरीत रोज होते ती. जो माणूस बसल्या जागीच धापा टाकतो, त्याच्यावर मात्र हा प्रयोग करायचा नाही. त्याला सरळ दवाखान्यात न्यायचं.

असं का होतं? गळा जिथं संपतो आणि छाती सुरू होते, तिथं हाडांचं एक कडं आहे. पुढे छातीचं हाड, बाजूंना पहिल्या बरगड्या, मागे मणका. त्या कड्यातून श्वासनळी, अन्ननळी आणि मोठ्या रक्तवाहिन्या सगळ्याच जातात. परकराच्या नेफ्यात एक नाडी असते तोवर ठीक, त्यातच कोणी जाड दोर ओवला तर काय होईल तसं. हात वर केले की जागा आणखी कमी होते आणि गाठ बुचासारखी बसते. ब्लाऊज घट्ट झाला तर आत ठेवलेलं मार्जिन उसवून देता येतं. हाडाला मार्जिन नसतं.

काय काय दाबलं जातं

श्वासनळी. मोठ्या माणसाची नळी साधारण दीड ते दोन सेंटीमीटर रुंद, म्हणजे मशीनच्या बॉबिनच्या आसपास. तिला कूर्चेच्या, म्हणजे मऊ हाडाच्या, कड्या असतात, पण त्या पूर्ण गोल नाहीत, मागून उघड्या. गाठ एका बाजूनं वाढली तर नळी दुसरीकडे सरकते, दोन्ही बाजूंनी वाढली तर नळी चपटी होते. मायच्या सीटी स्कॅनमध्ये सगळ्यात अरुंद जागा ६ मिलिमीटर निघाली. घरी येऊन मी टिचबटणाच्या पेटीत टेप घालून पाहिलं, मधलं टिचबटण तेवढंच भरलं. एवढ्या वाटेनं ती बाई कापूस वेचत होती.

इतके दिवस कळलं कसं नाही, हा प्रश्न मला फार छळायचा. त्याचं उत्तर असं, की नळी हळूहळू अरुंद होते आणि माणूस आपलं चालणं त्याच बेतानं कमी करत जातो. साधारणपणे वाट ८ मिलिमीटरच्या खाली गेली की चढावर, कामात दम लागतो, आणि ५ च्या खाली गेली की बसल्या जागी. रुंदी निम्मी झाली की हवेची जागा निम्मी उरत नाही, पाव उरते. म्हणून शेवटचं बिघडणं एकदम होतं. साधी सर्दी झाली, आतून थोडी सूज आली, तरी तेवढं पुरतं.

मागे वळून पाहिलं तेव्हा खुणा ढिगानं होत्या. माय पाठीवर झोपणं सोडून किती वर्षं झाली, कोणालाच सांगता येईना. एका कुशीवर, डोक्याखाली गोधडीची वळकटी, आणि शेवटच्या हिवाळ्यात तर भिंतीला टेकूनच. वाळत घालायची दोरी भावानं तिच्याच सांगण्यावरून खाली बांधली होती. वेचणीत ती पऱ्हाटीच्या वरच्या बोंडांना हात लावायची नाही, "ते तू घे वो" म्हणून वहिनीला सांगायची. घमेलं डोक्यावर घेणं कधीच बंद केलं होतं. आम्ही सगळे म्हणायचो, बुढी आता थकली.

त्यात एका खाजगी दवाखान्यात तिला दमा सांगितला. दोन हिवाळे पंप ओढला तिनं, फरक शून्य. दम्याची शिटी बहुधा श्वास सोडताना वाजते, छातीत. नळी गळ्यात दाबली गेली की आवाज जास्त करून श्वास आत घेताना येतो, गळ्यातून, आणि मान वळवली, आडवं झालं की वाढतो. हे तुम्हाला पक्कं ओळखता आलं पाहिजे असं नाही. पण गळ्याला गाठ आहे आणि पंपानं फरक नाही, हे दोन्ही एका वाक्यात डॉक्टरला सांगा. आम्ही दमा एका डॉक्टरला सांगत राहिलो आणि गाठ दुसऱ्याला.

अन्ननळी श्वासनळीच्या मागे असते, थोडी डावीकडे कललेली. ती मऊ, बाजूला सरकून वाट काढते, म्हणून तिची तक्रार सहसा उशिरा येते. आधी कोरडा घास अडकतो. माय ज्वारीची भाकर वरणात कुस्करल्याशिवाय खायची नाही, आम्हाला वाटलं दात गेले म्हणून. नुसतं घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटणं आणि घास खरोखर अडकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलं आम्लपित्तानंही होतं, काळजीनंही होतं. दुसऱ्यात माणूस घासागणिक पाणी पितो, आणि ते ताटावर बसूनच दिसतं.

आवाजाची नस श्वासनळी आणि अन्ननळीच्या मधल्या खाचेतून वर जाते. दोन्ही बाजूंना एकेक. डावी तर आधी छातीत उतरते, हृदयातून निघणाऱ्या मोठ्या धमनीखालून वळसा घेते आणि मग वर येते. (कापड असं कोणी कापलं तर मी त्याला हाकलून देईन.) मायचा आवाज ऑपरेशनपर्यंत खणखणीत होता. पण तुमच्या घरात गाठ असलेल्या माणसाचा आवाज सर्दीशिवाय बसला आणि दोन-तीन आठवड्यांत उघडला नाही, तर ही सगळ्यात गंभीर खूण धरा. साधी गाठ या नसेला सहसा एवढा त्रास देत नाही. तिथं कॅन्सर नाही ना, हे आधी पाहतात.

शिरांचं सांगून झालंच आहे. वाकलं की चेहरा भरून येणं, सकाळी तोंड सुजल्यासारखं, छातीच्या वरच्या भागावर निळ्या शिरांचं जाळं.

ताबडतोब कधी निघायचं

बसल्या जागी श्वासाला आवाज येतो, बोलताना वाक्य तुटतं, आडवं होताच येत नाही, थुंकी गिळवत नाही, ओठ निळसर दिसतात: १०८ ला फोन करा, माणसाला बसवूनच न्या, झोपवू नका. गाठ एका दिवसात एकदम फुगली आणि दुखायला लागली तरी त्याच दिवशी निघायचं. कधी कधी आतल्या आत रक्त उतरतं. काही आठवड्यांत भराभर वाढलेली, दगडासारखी कडक, गिळताना न हलणारी गाठ, किंवा बाजूला आणखी गाठी, यांच्यासाठी पुढच्या बाजाराच्या दिवसाची वाट पाहू नका.

आणि गाठीला तेल चोळणं, लेप, डागणं, यातलं काही नको. कोणी शेजारीण स्वतःची थायरॉईडची गोळी देईल, तीही नको. मायला झोप येत नव्हती म्हणून भावानं झोपेची गोळी आणली होती, ती मी फेकली. आधीच वाट अरुंद, त्यात गुंगी.

दवाखान्यात

आधी आपलं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय, तिथून चिठ्ठी. सीटी आणि ऑपरेशनसाठी मेडिकल गाठावं लागतं. आपल्याकडे विदर्भात नागपूर, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया इथं सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत, वर्ध्याजवळ सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय आहे. राशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा, आणि महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या खिडकीवरच्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारा, हे ऑपरेशन या दवाखान्यात योजनेत बसतं का.

सोनोग्राफी होते, सुईनं गाठीतल्या पेशी काढून तपासतात, नाकातून बारीक कॅमेरा घालून आवाजाच्या पट्ट्या हलतात का ते पाहतात. सोनोग्राफीला छातीच्या हाडामागचं नीट दिसत नाही, म्हणून साधा एक्स-रे आणि पुढे सीटी. "नळी दाबली गेली आहे का, सगळ्यात अरुंद जागा किती मिलिमीटर आहे, गाठ हाडाखाली उतरली आहे का," हे तीन प्रश्न मी पेटीकोटच्या कापडाच्या पिशवीवर खडूनं लिहून नेले होते. कागद हरवतो, पिशवी हरवत नाही.

सीटीच्या खोलीत शिरायच्या आधी दोन गोष्टी सांगा. एक, हिला सपाट झोपता येत नाही. छातीच्या सीटीला तर सपाट झोपवून हात डोक्याकडे घ्यायला लावतात, म्हणजे मी ओसरीत जे केलं तेच! दुसरी, थायरॉईडची गाठ आहे, शिरेतून रंगाचं इंजेक्शन देणार असाल तर टीएसएच पाहून द्या. त्या औषधात आयोडीन असतं, आणि गाठींच्या ग्रंथीला ते कधी कधी भडकवतं.

भूल देणाऱ्या डॉक्टरला रात्री झोपण्याची तऱ्हा खरी खरी सांगायची. माय म्हणाली, "झोपते न चांगली." मी मधेच बोलले, भिंतीला टेकून झोपते. त्या एका वाक्यावर त्यांनी वहीत बरंच काही लिहिलं आणि भुलीसाठी श्वासाची नळी कशी घालायची तो बेत बदलला. पुढे मोतीबिंदू असो की हर्निया, कुठल्याही ऑपरेशनला गाठीची गोष्ट आधी सांगायची, ती याचसाठी.

नळी दाबली गेली असेल तर मुख्य इलाज ऑपरेशनच. जुनी मोठी गाठ गोळीनं विरघळत नाही, मीठ बदलूनही नाही. आयोडीनचं मीठ गाठ होऊ नये म्हणून असतं. ते झाकणाच्या डब्यात, चुलीपासून दूर ठेवा, बैलाचं खडे मीठ स्वयंपाकात आणू नका, एवढं बास. छातीत उतरलेल्या गाठीही बहुतेक वेळा गळ्यातूनच ओढून काढता येतात, छातीचं हाड क्वचित कापावं लागतं. छेद आडवा, गळ्याच्या वळीत. डॉक्टर लोक त्याला कॉलरचाच छेद म्हणतात, हे ऐकून मला उगाच बरं वाटलं.

निरोगी ग्रंथी वीस-पंचवीस ग्रॅमच्या आसपास असते. मायची १८० ग्रॅम भरली.

ऑपरेशननंतरच्या पहिल्या रात्री जवळच्या माणसानं झोपू नये. गळा फुगतो आहे, आवळल्यासारखं वाटतं, श्वास जड होतो, असं दिसलं की त्याच मिनिटाला सिस्टरला उठवायचं. आत रक्त साचलं तर नळी पुन्हा दाबली जाते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या तर सांगायचं. ग्रंथीला चिकटून चार बारीक ग्रंथी असतात, त्यांना धक्का लागला की रक्तातलं कॅल्शियम उतरतं. मायला आल्या होत्या, गोळ्यांनी थांबल्या. आवाज थोडे दिवस घोगरा राहू शकतो. सगळी ग्रंथी काढली असेल तर थायरॉईडची गोळी जन्मभर, सकाळी उपाशीपोटी नुसत्या पाण्यासोबत, आणि चहा अर्ध्या-एक तासानं. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या तिच्यानंतर चार तासांनी. आमच्या घरात भांडण फक्त चहाचं झालं.

आता माय पाठीवर झोपते. दोरी भावानं पुन्हा वर बांधली. मागच्या पोळ्याला ब्लाऊज शिवायला आली तर म्हणते, "गळा बंद ठेव वो, टाका दिसते." मी टेप तिच्या पाठीमागून फिरवली, म्हटलं, हात वर कर. केले तिनं. मी मुद्दामच मिनिटभर पेन्सिल शोधत बसले.

"सापडली का?" ती म्हणाली. चेहरा रोजचाच. "गरमीत बंद गळा घालणार का तू," मी म्हटलं. शेवटी पाच इंचावर तडजोड झाली.